जुनी घड्याळं असतील घरात तर एनएडब्ल्यूसीसीचे मेंबर व्हा

अमेरिकेत राहताय आणि गावच्या घरातलं लंबकाचं घड्याळ नाहीतर आजोबांचं साखळीवालं घड्याळ बंद पडून कपाटात आहे, असे आपल्यात बरेच जण असतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय. नॅशनल असोसिएशन ऑफ वॉच अँड क्लॉक कलेक्टर्स, थोडक्यात एनएडब्ल्यूसीसी, ही १९४३ पासूनची संस्था. मुख्य ऑफिस पेनसिल्वेनियात लँकेस्टर काउंटीतल्या कोलंबिया गावी, तिथेच त्यांचं म्युझियम आणि लायब्ररी. न्यू जर्सीतल्या एडिसनकडून गाडीने दोन-अडीच तास. बहुतेक लोक म्युझियम बघून परत फिरतात. माझं स्पष्ट मत, म्युझियम सुंदरच आहे, पण मेंबर झाल्यावर जी माणसं भेटतात ना, ती जास्त मोलाची.

म्युझियमचं आधी सांगते. एंगल मॉन्युमेंटल क्लॉक चुकवू नका. पेनसिल्वेनियातल्याच हेझलटनच्या स्टीफन एंगल यांनी सुमारे २० वर्षं खपून हे बनवलं, उंची ११ फूट, त्यात हलणाऱ्या ४८ मूर्ती. जगातलं आठवं आश्चर्य म्हणून गावोगावी तिकीट लावून दाखवायचे, मग १९५१ नंतर ते गायबच झालं आणि थेट १९८८ मध्ये परत सापडलं! समोर उभं राहिलं की पाय निघत नाही.

दुसरं म्हणजे रेल्वेची घड्याळं, म्हणजे रेल्वेतली माणसं खिशात बाळगायची ती. ही घड्याळं बनवणारी हॅमिल्टन कंपनी १८९२ साली शेजारच्याच लँकेस्टरमध्ये सुरू झाली, त्यामुळे हा इथला घरचा विषय. १८९१ मध्ये ओहायोत किप्टनला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं असं म्हणतात. त्यानंतर रेल्वेच्या घड्याळांचे नियम कडक झाले, आठवड्यात ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नको, डायल उघडी म्हणजे वर झाकण नको, आकडे ठळक, निदान १७ ज्वेल म्हणजे आतल्या चाकांना टेकू देणारे बारीक खडे. आणि वेळ लावायला नुसती चावी ओढून चालत नाही, पुढची काच फिरवून काढायची, कडेला दडलेली बारीकशी पट्टी नखाने बाहेर ओढायची, मगच काटे हलतात. का, तर खिशात हात घालताना चुकून वेळ बदलायला नको. माणसांच्या जिवाचा एवढा विचार एका पट्टीत! मला हे फार भावलं.

आता मेंबरशिप. ठिकठिकाणी त्यांचे चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा आहेत, मीटिंगला कोणीतरी विषय मांडतं आणि सोबत मार्ट भरतं, म्हणजे मेंबर लोक टेबलं मांडून आपापसात खरेदी-विक्री करतात. तिथे घड्याळ घेऊन जा. दुकानात देता तेव्हा ते आत जातं आणि थेट बिल बाहेर येतं, इथे एखादे रिटायर्ड काका भिंग डोळ्याला लावून तुमच्यासमोर पाठ उघडतात, सिरियल नंबर वाचतात, आणि अमेरिकन कंपनीचं असेल तर साधारण कुठल्या सालचं ते तिथल्या तिथे सांगतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत अन्सोनिया, सेथ थॉमस या अमेरिकन कंपन्यांची घड्याळं दिसतात ना, ती या लोकांना तोंडपाठ.

सगळ्यात कामाची गोष्ट मी तिथेच शिकले. चावी दिली की लंबकाचं घड्याळ पाच-दहा मिनिटं चालून थांबतं, आपण म्हणतो मशीन गेलं, पण पुष्कळदा मशीन धड असतं, ठोकाच लंगडा पडत असतो. कान देऊन ऐका, टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं हवं. टिकटॉक, मग गॅप, परत टिकटॉक असं येत असेल तर घड्याळ खालून जरासं डावी-उजवीकडे सरकवून बघा, ठोके समान झाले तिथे ठेवा. तसं भिंतीवर फारच तिरकं दिसायला लागलं तर आतली लंबकाला ढकलणारी तार किंचित वाकवावी लागते, ते मात्र माहीतगाराकडून करून घ्या.

मुंबईहून ऑनलाइन येणाऱ्या जुन्या स्विस आणि एचएमटी घड्याळांबद्दल हे लोक फार सावध असतात. डायल नव्याने रंगवलेली, अक्षरं जाडजूड, सेकंदाच्या छोट्या वर्तुळाचं केंद्र काट्याच्या भोकाशी जुळत नाही, केस पॉलिश करून करून कडा गोल झालेल्या. एका मीटिंगमध्ये अस्सल आणि रंगवलेली डायल शेजारीशेजारी ठेवून दाखवली होती, एकदा बघितलं की नजर बसते. आपल्या शहरातून अशी येतात याचं वाईट वाटतं, कारण त्याच मुंबईत अप्रतिम कारागीर पण आहेत.

उणं म्हणाल तर संस्थेच्या बुलेटिनमधले काही लेख नवख्याला जड जातात, आणि लहान मुलं म्युझियमच्या शेवटच्या दालनांपर्यंत कंटाळतात. चॅप्टरमध्ये तरुण कमी, आपले लोक तर फारच कमी, म्हणून तर एवढं लिहितेय.

आणि हो, मीटिंगला भिंतीवरचं घड्याळ नेताना लंबक आधी काढा, वेगळ्या कपड्यात गुंडाळा. तसाच ठेवला तर तो ज्या पातळ पोलादी पट्टीवर लटकतो ती गाडीच्या हिसक्यांनी पिळवटते. आणि नेण्याआधी पितळ चकाकवायला ब्रासो वगैरे अजिबात लावू नका, आहे तसं न्या.