नर्सिंग की बी. फार्म.? सीमाभागातल्या पीयूसीवाल्यांसाठी (म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीवाल्यांसाठी)

नीटच्या गुणांत एमबीबीएस बसत नाही हे कळलं, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत दोन नावं हमखास निघतात: बी.एस्सी. नर्सिंग आणि बी. फार्म. दोन्ही चार वर्षांचे, दोन्हींना पीसीबी म्हणजे भौतिक, रसायन, जीवशास्त्र चालतं (फार्मसीला जीवशास्त्राऐवजी गणित, म्हणजे पीसीएमही) आणि कर्नाटकात दोन्हींच्या सरकारी कोट्यातल्या जागा केईए म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणामार्फत भरतात. म्हणून लोक त्यांना एकाच मापाने मोजतात. माझ्या मते इथेच गफलत होते, कारण एकात रोज माणूस हाताळायचा असतो आणि दुसऱ्यात औषध.

नर्सिंगमध्ये पुस्तकाइतकाच वॉर्ड शिकवतो. रात्रपाळी आहे, रक्त आहे, चिडलेले नातेवाईक आहेत. हे झेपणार असेल तर आपल्या भागातल्या मुलामुलींकडे एक मोठं भांडवल आहे. १९६३ पासूनचं जेएनएमसी हे मेडिकल कॉलेज आणि त्याचं केएलई हॉस्पिटल, सरकारी मेडिकल कॉलेज बिम्स यांच्यामुळे बेळगावात चंदगड, सिंधुदुर्ग, गोव्यापासून रुग्ण येतात. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात हिंदी आणि थोडी कोकणी ऐकत वाढलेली खानापूरची मुलगी त्या रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलू शकते. कन्नड मात्र लिहिता-वाचता यायलाच हवी. कर्नाटकातल्या सरकारी भरतीत तिची परीक्षा आडवी येते. तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, स्वस्त पडतं, पण एम्सच्या नर्सिंग भरतीसाठी जीएनएमवाल्यांना पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, बी.एस्सी.ला ती अट नाही. घरची ऐपत असेल तर पदवीच करावी. आणि हो, मुलग्यांनीही. ‘हे बायकांचं काम’ म्हणणाऱ्यांनी एकदा आयसीयूत जाऊन बघावं.

बी. फार्म.चा कस रसायनशास्त्रात लागतो. प्रयोगशाळेत रमणाऱ्यांना तो आवडतो, पाठांतरावर बारावी काढलेल्यांना जड जातो. पुढे कंपनीत उत्पादन किंवा गुणवत्ता तपासणी, हॉस्पिटलची फार्मसी, एम.आर.ची (औषध कंपनीच्या प्रतिनिधीची) फिरती किंवा एम. फार्म. वेर्णासारखी गोव्याची औद्योगिक वसाहत बेळगावहून फार लांब नाही, हा आपला फायदा. पण गावात मेडिकल टाकणं एवढंच मनात असेल, तर चार वर्षं आणि तेवढी फी कशाला? १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे औषध द्यायला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो आणि ती नोंदणी दोन वर्षांच्या डी. फार्म. या डिप्लोमावर, नंतरचं प्रशिक्षण पुरं केलं आणि एक्झिट परीक्षा पास झालं की होते. पुढे वाटलंच तर बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

फार्मसीत आपल्यासाठी आणखी एक दार आहे, ते बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी भाषकांसाठी ‘टाइप ई’ हा वेगळा गट आहे. कोल्हापूर-सांगलीचं कॉलेज हवं असेल तर एमएचटी-सीईटीचा अर्ज वेळेत भरा आणि सीमाभागातल्या रहिवासाचा व मातृभाषा मराठी असल्याचा दाखला आधीच काढून ठेवा.

फिजिओथेरपी चांगली, पण लांबलचक आणि सुरुवातीचा पगार बेताचा. लॅबचा बी.एस्सी. एमएलटी शांत स्वभावाला मानवतो. साधी बी.एस्सी. प्राणिशास्त्र करून हॉस्पिटलात शिरता येईल ही आशा मात्र धरू नका. ती वाट एम.एस्सी. आणि शिकवण्याकडे जाते.

बेंगळुरूच्या कॉलेजांचे एजंट जून-जुलैत गावोगाव फिरतात. त्यांच्या हाती मूळ मार्क्सकार्ड देऊ नका. फार्मसीला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता नसेल तर पदवी मिळूनही नोंदणी होत नाही. नर्सिंगला राज्य नर्सिंग कौन्सिलची मान्यता बघा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींनाच गाठून विचारा: ड्यूटीला कुठल्या हॉस्पिटलात पाठवतात, आणि तिथे पेशंट असतात का?