फाटकाची वर्गणी: ‘ॲनिमल क्रॉसिंग’च्या बेटावर अकरा महिने

राखीपौर्णिमेच्या दिवशी सकाळी साडेसात वाजता, म्हणजे न्यू जर्सीत बहिणीकडे आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असताना, मी गेममधल्या माझ्या बेटावरच्या विमानतळावर गेलो आणि काउंटरमागे बसलेल्या ऑर्व्हिल नावाच्या पक्ष्याला पाहुण्यांसाठी फाटक उघडायला सांगितले. बहिणीने तीन संध्याकाळी खर्चून, ३२ गुणिले ३२ चौकटींच्या जाळीत एकेक ठिपका भरून, बिनबाह्यांच्या शर्टावर राखी चितारली होती आणि तोच शर्ट घालून ती भाच्यासह माझ्या बेटावर उतरणार होती. फाटक काही उघडले नाही. त्याऐवजी, ऑनलाइन खेळायचे असेल तर सभासदत्व घ्या, अशी सूचना देणारा पडदा समोर आला. वर्षाची वर्गणी आदल्याच दिवशी संपली होती, आणि आपोआप नूतनीकरणाची सोय बंद ठेवायला बहिणीला मीच सांगितले होते, हे मला त्या क्षणी आठवले. ‘दादा, दहा मिनिटांत भरते,’ असे ती फोनवर म्हणाली, आणि मी ‘मुळीच भरायची नाही’ असे म्हणून बसलो. ओवाळणी व्हिडिओ कॉलवर झाली. त्यानंतर महिनाभर आम्ही वर्गणीशिवाय खेळलो, आणि हा अनुभव मुख्यतः त्या महिन्यामुळे लिहीत आहे.

‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ हा गेम काय आहे, हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. मार्च २०२० मध्ये जग घरात कोंडले गेले, त्याच आठवड्यांत तो बाजारात आला आणि त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. माझ्याकडे तो फार उशिरा, गेल्या सप्टेंबरात आला. बहिणीने येताना निन्टेंडो कंपनीचे स्विच हे गेम खेळायचे यंत्र आणले, सोबत ६० डॉलरचे कार्ट्रिज आणले, अमेरिकेचे खाते काढून दिले आणि कंपनीच्या ऑनलाइन सभासदत्वाच्या तिच्या कुटुंब-योजनेत माझे नाव घातले. झाडे लावणे, मासे पकडणे, बेटावरचा सावकार टॉम नूक याचे कर्ज फेडणे या गोष्टींना एक पैसाही जास्तीचा लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. पैसे लागतात ते दुसऱ्या घरातले माणूस इंटरनेटवरून आपल्या बेटावर यायचे असेल तेव्हा, आणि तेही यजमान आणि पाहुणा या दोघांनाही. दोन यंत्रे एकाच खोलीत असतील तर भेट फुकट होते. थोडक्यात, शेजारच्या खोलीतल्या माणसाला भेटायला वर्गणी नाही, सातासमुद्रापलीकडच्या बहिणीला भेटायला आहे. गणपती मंडळाच्या वर्गणीबद्दल मी कधी कुरकुर केलेली नाही, कारण निदान तेथे मांडवात जायला पावती दाखवावी लागत नाही.

रक्कम तशी मोठी नाही, हे मान्य करतो. एकट्याचे सभासदत्व वर्षाला १९.९९ डॉलर आहे आणि महिन्याला घेतले तर ३.९९. कुटुंब-योजनेत आठ खाती बसतात आणि तिचे वर्षाचे ३४.९९ डॉलर, म्हणजे आपले तीन हजार रुपयांच्या आसपास होतात. बहीण, भाचा आणि मी अशी आमची तीन खाती आहेत. याच पैशांत जुन्या काळातले बरेच गेम खेळायला मिळतात, पण ते मी दोनदा उघडून पाहिले आणि पुन्हा तिकडे फिरकलो नाही. माझ्यापुरती ही सगळी रक्कम त्या फाटकाचीच आहे.

आता त्या फाटकातून येणाऱ्या पाहुण्याबद्दल. अकरा महिन्यांत मला सर्वांत जास्त छळले ते वर्गणीने नव्हे, पाहुण्याच्या आगमनाने. कोणी येत आहे, अशी पाटी झळकते आणि बेटावर जे जे हजर असतील त्या सर्वांचे हातातले काम थांबते. गळाला मासा लागलेला असो, हातात फुलपाखराची जाळी असो, काही चालत नाही. विमान येणार, पाहुणा दारातून बाहेर पडून हात हलवणार, आणि मगच खेळ पुढे सरकणार. हे दृश्य कोणतेही बटण दाबून टाळता येत नाही. मी घड्याळ लावून पाहिले आहे, अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ सहज जातो. बेटावर एका वेळी आठ जण जमू शकतात, म्हणजे पूर्ण मेळावा भरवायचा तर यजमानाने हे दृश्य सात वेळा पाहायचे, आणि जाताना प्रत्येकाच्या निरोपाचे वेगळे. त्यातून कोणी दुकानात बोलत उभा असेल किंवा कोणी मेनू उघडून बसला असेल, तर येणाऱ्याचे विमान परतच पाठवले जाते. बहिणीने डिसेंबरात तिच्या चार मैत्रिणींना बोलावले, तेव्हा पहिला पाऊण तास आम्ही एकमेकींना आणि एकमेकांना ‘कोणी काही उघडून ठेवू नका’ एवढेच सांगत होतो. हे सांगायचे तेही फोनवरून, कारण गेममध्ये आवाजाची सोय नाही, कळफलकावर देवनागरी नाही, आणि रोमन लिपीतले मराठी जॉयस्टिकने एकेक अक्षर निवडत लिहायला माझ्याजवळ तेवढे आयुष्य शिल्लक नाही.

या दृश्याबद्दल मी घरी इतक्या वेळा बोललो आहे की, विमान आले की बायको स्वयंपाकघरातून ‘मोजा आता’ असे म्हणते.

पण जुलैमध्ये माझे मत थोडे हलले. पावसाची झड लागली होती, बहीण आणि भाचा माझ्या बेटावर होते, आणि अचानक वीज गेली. घरातले दिवे इन्व्हर्टरवर आहेत, राउटर मात्र नव्हता, कारण त्यासाठी वेगळी वायर ओढण्याचा खर्च मी तीन वर्षांपूर्वी वाचवला होता. जोडणी तुटली की या गेममध्ये फक्त तुटलेला माणूस बाहेर पडत नाही. सगळी सभाच बरखास्त होते आणि शेवटची साठवण झाली असेल तेथपर्यंत सर्वांचा खेळ मागे जातो. भाच्याने नुकताच माझ्या किनाऱ्यावर त्याच्या आयुष्यातला पहिला शार्क पकडला होता, आणि तो शार्क गेलाच, असे आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात तो शाबूत होता. झाले असे होते की शार्क पकडल्यावर बहीण विसरलेली एक भेटवस्तू आणायला तिच्या बेटावर जाऊन परत आली होती, आणि पाहुण्याच्या त्या येण्याजाण्याच्या वेळीच खेळ साठवला जातो. ज्या अर्ध्या मिनिटावर मी अकरा महिने दात खात होतो, त्यातच शार्कची नोंद झाली होती. दृश्य टाळण्याचे बटण असावे, हे माझे म्हणणे आजही कायम आहे, पण ते पूर्वीइतक्या जोरात सांगवत नाही. राउटरसाठी दुसऱ्या दिवशी दीड हजारांचा छोटा यूपीएस आणला. वर्गणीतला माझा वाटा त्यापुढे किरकोळ ठरला, हे बायकोने लक्षात आणून दिले.

वेळेचा हिशेब हा एक स्वतंत्र विषय आहे. बेटावरचे घड्याळ खऱ्या घड्याळाप्रमाणे चालते आणि नूक्स क्रॅनी हे दुकान सकाळी आठ ते रात्री दहा एवढेच उघडे असते. उन्हाळ्यात पुणे आणि न्यू जर्सी यांच्यात साडेनऊ तासांचे अंतर असते, त्यामुळे माझे दुकान आठला उघडते तेव्हा तिचे बंद होऊन अर्धा तास झालेला असतो. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळे तासभर मागे गेली की हे अंतर साडेदहा तासांचे होते, आणि मग सकाळी आठ ते साडेआठ या अर्ध्या तासात दोन्ही दुकाने एकाच वेळी उघडी सापडतात. आमचा सलगमचा सगळा व्यापार त्या अर्ध्या तासात होत असे. डेझी मे नावाची सलगमवाली रविवारी दुपारी बारापर्यंत साधारण ९० ते ११० बेल्सच्या, म्हणजे गेममधल्या चलनाच्या, भावाने सलगम विकते, पुढच्या रविवारपर्यंत ते विकले नाहीत तर सडतात, आणि प्रत्येक बेटावरचा खरेदीचा भाव वेगळा असून तो दिवसातून दोनदा बदलतो. जानेवारीत मी ९७ च्या भावाने घेतलेले सलगम माझ्याकडे ६० ला कोणी विचारेना, तेव्हा बहिणीच्या बेटावर ४१२ चा भाव होता. डब्यात भाजी भरत असलेल्या बायकोला मी तो भाव ओरडून सांगितला. त्या दिवशी कार्यालयात पंचवीस मिनिटे उशिरा पोहोचलो, आणि त्याचे खरे कारण अजून कोणाला सांगितलेले नाही.

वर्गणीशिवायच्या महिन्यात काय बंद पडते, हे मला तेव्हाच नीट समजले. परक्या बेटावर जाणे बंद होते, हे उघडच होते. त्याबरोबर लूना नावाच्या पात्राच्या मदतीने दुसऱ्यांची बेटे स्वप्नात पाहण्याची सोयही बंद होते, जी जुलै २०२० च्या सुधारित आवृत्तीत आली होती आणि जिचा मला जडलेला नाद मी घरी कबूल केलेला नव्हता. तिसरी गोष्ट मात्र मला खरोखरच अस्वस्थ करून गेली. या गेमची साठवण इतर गेमसारखी आपोआप क्लाउडवर जात नाही. यंत्र हरवले किंवा बिघडले तर बेट परत मिळावे, म्हणून बेटाची प्रत ठेवण्याची वेगळी सोय आहे, आणि तीही वर्गणीदारांनाच. एका यंत्रावर एकच बेट, त्याची घरात दुसरी प्रत करून ठेवता येत नाही, आणि कंपनीकडे ठेवायची तर वर्षाचे भाडे. पाहुण्यांसाठी पैसे मागणे मी समजू शकतो, कारण त्यामागे काहीतरी यंत्रणा चालत असते. माझ्याच मेहनतीची प्रत माझ्याच घरात ठेवू न देणे मला आजही पटत नाही, आणि या एका मुद्द्यावर माझे मत कोणत्याही शार्कने बदललेले नाही.

तरीही तुलना केली तर या गेमला झुकते माप द्यावे लागते. ‘द सिम्स ऑनलाइन’ २००२ च्या डिसेंबरात आला तेव्हा महिन्याला ९.९९ डॉलर भरल्याशिवाय त्यात पाऊलच टाकता येत नव्हते, आणि ऑगस्ट २००८ मध्ये तो बंद झाला तेव्हा लोकांनी उभारलेली घरेही त्याच्याबरोबर गेली. २०१३ च्या ‘सिमसिटी’त एकट्याला शहर वसवायचे असले तरी इंटरनेट सक्तीचे होते, पहिल्या दिवसांत सर्व्हरच कोलमडल्याने विकत घेतलेला गेम लोकांना उघडता येईना, आणि इंटरनेटशिवाय खेळण्याची मुभा मिळायला वर्ष जावे लागले. ‘फार्मव्हिल’ तर फुकट होता, पण त्यात बांधकामाला खिळे हवे असले तरी मित्रांपुढे हात पसरावा लागे, आणि आमच्या कार्यालयातल्या निम्म्या लोकांनी त्या काळात माझ्याकडे गायीगुरे मागितली होती. ३१ डिसेंबर २०२० ला तोही मिटला. ‘ॲनिमल क्रॉसिंग’चेच मोबाइलवरचे भावंड, ‘पॉकेट कॅम्प’, सात वर्षे चालून नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाले, पण त्याच्या जागी एकदाच पैसे भरून घेण्याची, वर्गणी नसलेली आवृत्ती आली, हे मला अनपेक्षित आणि सभ्यपणाचे वाटले. माझ्या बेटाचे फाटक महिनाभर बंद होते, पण बेट माझेच होते. सकाळी उठून तण उपटता येत होते, संग्रहालयात मासे देता येत होते, आणि गोगलगायीच्या गतीने का होईना, कर्ज फिटत होते.

पण एक गोष्ट त्या महिन्यात रोज दिसत होती. बेटावरचे दहा प्राणी मला नावाने हाक मारत, भेटी देत, माझी चौकशी करत. फाटकासमोर मात्र भाच्यासाठी म्हणून मी काढून ठेवलेल्या नाशपातींचा ढीग पडून होता, कारण त्याच्या बेटावर नाशपाती होत नाहीत. या गेममध्ये जमिनीवर ठेवलेले फळ सडत नाही. महिनाभर मी त्या ढिगाला वळसा घालून विमानतळावरून ये-जा केली.

सप्टेंबरात मी बहिणीला हिशेब पाठवला. तिघांनी महिन्याच्या दराने घेतले तर महिन्याला ११.९७ डॉलर होतात. राखी आणि भाऊबीज असे दोनच महिने फाटक उघडले तर वर्षाचे २३.९४ होतात आणि ११ डॉलर वाचतात. तिसरा महिना घेतला की ३५.९१ होऊन आपण वार्षिक योजनेच्या वर जातो, म्हणून तिसरा घ्यायचा नाही, असे मी स्पष्ट लिहिले होते. तिचे उत्तर आले, ‘दादा, नोव्हेंबर ते मार्च आपला अर्धा तास असतो. तो तू यात कुठे धरला आहेस?’ आणि त्याखाली वर्षभराच्या ३४.९९ डॉलरची पावती होती. माझ्या वाट्याचे ११.६६ डॉलर तिने घ्यायचे नाकारले, तेव्हा मी तेवढ्या किमतीचे पुस्तक भाच्याला पाठवून दिले.

ज्यांचे जवळचे माणूस दूर आहे आणि त्याच्याकडेही हे यंत्र आहे, त्यांनी कुटुंब-योजना घ्यावी आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. ज्यांना एकट्यानेच खेळायचे आहे, त्यांना निव्वळ बेटाच्या प्रतीसाठी १९.९९ डॉलर भरायचे की नाही, हे त्यांच्या घरात लहान मुले किती आहेत त्यावर ठरवावे लागेल. नाशपाती नेल्या गेल्या आहेत. आपोआप नूतनीकरण मात्र मी बहिणीला अजूनही बंदच ठेवायला सांगितले आहे.