तिसरा पट्टा नसलेली पाणपिशवी

लांब पल्ल्याच्या दौडीत घोड्याच्या पाण्याची सोय मुक्कामागणिक असते. स्वाराला मात्र आपलं पाणी आपणच वाहून न्यावं लागतं. 80 किलोमीटरच्या दौडीसाठी मी खोगिराच्या पुढच्या बाजूला बांधायची, दोन बाटल्यांची पिशवी ऑनलाइन मागवली. वर्णनात लिहिलं होतं, बाटल्या एकेक लिटरच्या, प्लॅस्टिक पिण्याच्या पाण्याला योग्य. फोटोत पिशवीला तीन पट्टे दिसत होते. दोन वर खोगिराच्या कड्यांना अडकवायचे आणि तिसरा खाली तंगाला, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायच्या पट्ट्याला. खरं काम हा तिसराच करतो. तो नसला की दुडक्या चालीत भरलेली पिशवी पावलागणिक उसळते आणि घोड्याच्या खांद्यावर आपटते.

माझ्या हातात आली ती दोन पट्ट्यांची पिशवी. विचारलं तर उत्तर आलं, ‘फोटो नव्या मॉडेलचा आहे, याला तिसऱ्याची गरज पडत नाही.’ दौड तोंडावर आली होती, मी विश्वास ठेवला. घरच्या घरी बाटली मापाने भरून पाहायचंही सुचलं नाही.

पहिल्या टप्प्यात निम्मंही अंतर झालं नव्हतं, तेवढ्यात उजवीकडची शिवण उसवली. बाटली पडली, घोडी बुजली आणि उधळली. कशीबशी आवरली, पण आता सगळं वजन एका बाजूला आलं होतं. भरलेली बाटली सतत एकाच खांद्यावर आदळत होती. उरलेल्या बाटलीतलं पाणी उन्हात तापलं होतं, त्याला प्लॅस्टिकचा असा उग्र वास येत होता की दोन घोटांपुढे गिळवेना. घोड्यांच्या तपासणीच्या ठिकाणी पोहोचले तेव्हा माझं डोकं गरगरत होतं.

घोडीच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या वेळेत मिनिटाला 64 च्या आत आले, चालही सरळ होती. डॉक्टरांनी खोगीर उतरवायला लावून पाठ चाचपली. पिशवीच्या जागी बोट लागताच तिने अंग चोरलं. केस घासून गेले होते, खाली कातडी लाल. आमची दौड तिथेच संपली. निर्णय योग्यच होता, पण त्या मुक्या जिवाने माझ्या घाईची शिक्षा भोगली याचं वाईट आजही वाटतं.

घरी येऊन मोजलं, तर ‘एक लिटर’च्या बाटलीत काठोकाठ भरूनही जेमतेम पाऊण लिटर मावत होतं. परत पाठवायला गेले तर, ‘वापरलेला माल घेत नाही.’ पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला, तो माझ्याकडे नव्हता. फसवणुकीबद्दल मी लिहिलेला अभिप्रायही त्यांनी काढून टाकला.

अशी पिशवी घेणार असाल तर पार्सल उघडताना व्हिडिओ काढाच. बाटली मापाने भरा, रात्रभर पाणी ठेवून सकाळी चव घ्या. मग दोन्ही बाजू भरून घरच्या रिंगणात अर्धा तास दुडकी चालवा आणि उतरल्यावर घोड्याच्या खांद्यावरून हात फिरवा. कड्या आणि बकलंही नीट बघा, कारण घोड्याचा घाम आपल्यापेक्षा जास्त खारट असतो आणि हलक्या प्रतीचा धातू त्यात लवकर गंजतो. दौडीत पाणी दोन्ही बाटल्यांमधून आलटून पालटून प्या, म्हणजे वजन सारखं राहतं.

घोडीची जखम भरली. पण तिथले केस पांढरे उगवले आहेत, खरारा करताना रोज हाताखाली येतात.