एक्सपी, माइलस्टोन की चुकण्याचे गुण? अकरा महिने खेळल्यानंतर

दर रविवारी संध्याकाळी कर्वेनगरात मित्राच्या फ्लॅटवर आम्ही पाच जण जमतो. चार खेळाडू, एक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे कथा सांगणारा आणि शत्रूंसकट बाकी सगळी पात्रं चालवणारा), मध्ये डायनिंग टेबल आणि बाकरवडीचा पुडा. (फाशांना तेलकट हात लावू नका, हे दर वेळी सांगावं लागतं.) रोलप्लेइंग गेम (प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांच्या जोरावर कथा पुढे न्यायची, तो खेळ) कुठला घ्यावा हे मला बरेच जण विचारतात, पण त्यात पात्राची लेव्हल कशी वाढते हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. तीन पद्धती वापरून झाल्यावर सांगतो, टेबलावर कोण कसं वागणार हे निम्मं तिथेच ठरतं.

सुरुवात डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीने, म्हणजे 2014 च्या पुस्तकांनी केली. एक साधा गॉब्लिन (छोटा राक्षस) हरवला की 50 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, दुसऱ्या लेव्हलला पोचायला प्रत्येकी 300, आणि मिळतील ते चौघांत समान वाटायचे. आमच्यात एक जण सीए करतोय. अप्पा बळवंत चौकातून झेरॉक्स काढून आणलेल्या कॅरेक्टर शीटच्या (पात्राच्या माहितीच्या कागदाच्या) मागे त्याने पहिल्याच दिवशी हिशेब मांडला: नुसते गॉब्लिन मारायचे तर 24 लागतील. तिथेच माशी शिंकली.

तिसऱ्या रविवारी सहा गॉब्लिन हत्यारं टाकून शरण आले. डीएमने आवाज बारीक करून मस्त गयावया केली. सीए शीटवरून मान वर न करता म्हणाला, "म्हणजे माणशी पंचाहत्तर बुडाले." सगळे हसले, आणि सहाच्या सहा गॉब्लिन मारले गेले. पुढची वाट त्यांच्याच तोंडून सांगायची असं डीएमने ठरवलेलं. बिचारा उरलेला वेळ पानं उलटत बसला. खरं तर हरवणं म्हणजे मारणं, पळवून लावणं किंवा पकडणं, असं त्याच पुस्तकात लिहिलंय. आम्ही ते वाचलं दोन महिन्यांनी. तेव्हा सगळा दोष नियमांना देत नाही, पण तोवर हात सवयीने तलवारीकडेच जात होता. गंमत म्हणजे 1974 च्या मूळ खेळात सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी असा मुख्य हिशेब होता. साहजिकच राक्षसाला न उठवता खजिना लांबवणं परवडायचं. आमच्या सीएने तिथे नाव काढलं असतं.

पाच महिन्यांनी माइलस्टोनवर आलो. कथेत मोठा टप्पा आला की डीएम सांगणार आणि सगळ्यांची लेव्हल एकदम वाढणार. कटकट संपली, पण धारही गेली. मध्यंतरी शाळेत आठवीपर्यंत सगळे पास व्हायचे, तसलाच प्रकार. परीक्षेमुळे माझी मावसबहीण दोन रविवार आली नाही, तरी तिची लेव्हल वाढली आणि तिचं तिलाही काही वाटलं नाही. दोन महिन्यांत कंटाळलो.

मग डंजन वर्ल्ड घेतला, 2012 चा. दोन सहा-बाजूंचे फासे टाकायचे, त्यात आपला बोनस मिळवायचा. दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते, सात ते नऊ आले तर काम होतं पण काहीतरी भुर्दंड पडतो, सहा किंवा कमी आले तर फसलं. आणि फसलं की एक एक्सपी! सध्याची लेव्हल अधिक सात इतके साठले की पुढची लेव्हल, म्हणजे पहिलीवरून दुसरीला आठ.

बहीण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सात महिने ती खात्री असेल तेवढंच बोलायची. इथे तिने बार्ड (गाणारं-वाजवणारं पात्र) घेतला आणि वेशीवरच्या पहारेकऱ्याला बेधडक थाप मारली, "आम्ही लग्नाचे वाजंत्री आहोत." फासे पडले दोन आणि एक. पहारेकऱ्याने शिंग फुंकलं, आम्ही चौघं गोत्यात, आणि ही म्हणते, "दादा, पेन्सिल दे ना, माझे सहा एक्सपी झाले!" त्या रात्री सगळ्यात जास्त ती बोलली.

तक्रारी आहेतच. सीए आता जे जमत नाही तेच मुद्दाम करायला जातो. फसल्यावर डीएम खरोखर नुकसान करतो म्हणून चालून जातं. एकदा दोर तुटला, एकदा घोडाच गेला. सेशनच्या शेवटी तीन प्रश्न असतात: जगाबद्दल नवं, महत्त्वाचं काही कळलं का, दखल घेण्याजोगा शत्रू हरवला का, लक्षात राहील असा खजिना मिळाला का. प्रत्येक होकाराला सगळ्यांना एकेक एक्सपी. चांदीचं तांब्या-भांडं 'लक्षात राहील असं' धरायचं का, यावर आम्ही वीस मिनिटं भांडलोय. शिवाय खेळ दहाव्या लेव्हलपर्यंतच, आणि चार महिन्यांत आम्ही सहावर पोचलो. दोन वर्षं एकच कथा चालवायची असेल तर हे तोकडं पडेल.

दिवाळीनंतर पुन्हा डंजन्स अँड ड्रॅगन्सकडे जातोय. या वेळी पकडलेल्या शत्रूचे पूर्ण एक्सपी, आणि फसलेल्या रोलला थोडे, हा घरचा नियम. किती द्यायचे यावर अजून एकमत नाही. सीएने तक्ता करून आणलाय, आणि त्यात बार्डला जरा जास्तच मिळतात अशी माझी शंका आहे.