विंडोज ११ आणि हाताची जुनी सवय: ओपन-शेल, स्टार्ट११ की एक्सप्लोररपॅचर?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यामुळे ज्यांनी काहीशा नाइलाजाने विंडोज ११ स्वीकारले, त्यांची पहिली कुरबुर बहुधा वर्षानुवर्षांच्या हाताच्या सवयीबद्दल असते. २०२१ मध्ये ही प्रणाली आली तेव्हा टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाची पट्टी, पडद्याच्या वर किंवा कडेला नेता येत नव्हता आणि एकाच प्रोग्रॅमच्या विंडो नावांसह वेगवेगळ्या दाखवता येत नव्हत्या. यातली दुसरी सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये परत दिली. तेव्हा तेवढीच अडचण असेल, तर बाहेरचे काही बसवण्याआधी सेटिंग्जमध्ये डोकावावे.

केवळ स्टार्ट मेनू जुन्या वळणाचा हवा असेल, तर ओपन-शेल हे बाहेरून बसवायचे साधन पुरेसे आहे. क्लासिक शेल या त्याच्या पूर्वसुरी साधनाच्या मूळ निर्मात्याने २०१७ च्या अखेरीस काम थांबवल्यावर स्वयंसेवकांनी तोच मुक्त कोड पुढे चालवला. त्यामुळे ते मोफत आहे. टास्कबारच्या रचनेत मात्र ते फारसा बदल करत नाही, आणि माझ्या मते ही मर्यादाच त्याची मोठी जमेची बाजू आहे, कारण प्रणालीत जितका कमी हस्तक्षेप, तितकी विंडोजच्या अद्ययावतीकरणानंतर बिघाडाची शक्यता कमी.

स्टारडॉक कंपनीचे स्टार्ट११ विकत घ्यावे लागते, परंतु तीस दिवस ते मोफत वापरून पाहता येते. मेनूसोबत टास्कबारही बदलण्याची सोय त्यात आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत तो डावीकडे वा उजवीकडे उभा लावता येतो, जे रुंद पडद्यावर लांबलचक दस्तऐवज हाताळणाऱ्याला विशेष सोयीचे वाटेल.

सर्वांत खोल हस्तक्षेप एक्सप्लोररपॅचर करते. ते मोफत असून विंडोज १० चा टास्कबार जवळजवळ जसाच्या तसा परत आणते. मात्र त्यासाठी ते टास्कबार चालवणाऱ्या एक्सप्लोरर या विंडोजच्या प्रक्रियेतच स्वतःचा कोड घुसवते. विंडोजच्या आतल्या रचनेत बदल झाला की हा सांधा निखळू शकतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने जुन्या टास्कबारचा कोडच काढून टाकल्यामुळे निर्मात्यांना स्वतःचा पर्यायी टास्कबार लिहावा लागला, आणि त्याच आवृत्तीच्या चाचणीकाळात हे साधन बसवलेल्या संगणकांचे अद्ययावतीकरण अडवलेही गेले. शिवाय कोड घुसवण्याच्या याच पद्धतीमुळे अँटिव्हायरस कधीकधी त्याला संशयित ठरवतो.

म्हणून घरातल्या ज्येष्ठांच्या किंवा कार्यालयाच्या सामायिक संगणकावर मी ओपन-शेलच सुचवीन, आणि टास्कबार हलवल्याशिवाय ज्याचे चालतच नाही त्याला स्टार्ट११. एक्सप्लोररपॅचर त्यालाच योग्य, जो पडदा कोरा पडल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडेल आणि तिथून ते साधन स्वतः काढून टाकू शकेल.