२८ लिटरचा ओटीजी आणि मुलांनी मागून खाल्लेला रावस

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे ओट्यावर मावणारा विजेचा ओव्हन) घ्यावा की एअर फ्रायर हा प्रश्न आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सारखा येतो म्हणून एकदा नीटच लिहितो. माझा रिव्ह्यू फक्त मासे करण्यापुरता आहे. केक, पिझ्झा, नानकटाई सगळं होतं त्यात पण त्यावर लिहिणारे ढिगाने आहेत. आमच्याकडे दोन मुलं, दोघंही मासळी म्हटली की ताट पुढे ढकलणार, आणि आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे, बुध-शुक्र-रवि घरात मासे नाहीत असं सहसा होत नाही, त्यामुळे दर वेळी मुलांसाठी वेगळं काहीतरी करा, मग ती आधी जेवणार, मग आम्ही. ओटीजी आल्यापासून सगळे एकत्र बसतात, एकच जेवण. तेवढ्यासाठी माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार.

मशीन २८ लिटरचं, वर-खाली रॉड, आत पंखा, १५०० वॅटच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण ह्या साइजचे बहुतेक ओटीजी थोड्याफार फरकाने असेच असतात. पंख्याचा फायदा खरंच आहे, गरम हवा फिरती राहते आणि चुरा सगळीकडून सारखा लाल होतो, फक्त रॉडवर चालणाऱ्यात मध्येच ट्रे फिरवावा लागतो. एअर फ्रायर वाईट नाही पण आम्ही पाच माणसं, त्याच्या टोपलीत दोन-तीन घाणे काढावे लागतात आणि पहिल्या घाण्याचे तुकडे तोपर्यंत गार होऊन मऊ पडतात. इथे अर्ध्या किलोचे तुकडे एकाच ट्रेत, एकदमच पानात.

एक स्टार कापला तो डायलसाठी. डायल २०० वर ठेवला तरी आत तेवढंच असतं असं नाही, आमचा बराच जास्त तापतो. आतमध्ये ठेवायचा ओव्हनचा थर्मामीटर मिळतो तो आणून बघितलं तेव्हा कळलं, आता मी १८० च्या खुणेवर ठेवतो तेव्हा आत २०० होतं. कस्टमर केअरवाल्यांचं म्हणणं एवढा फरक चालतो. केकला चालत असेल कदाचित, माशाला नाही चालत, कारण मासा दोन-तीन मिनिटं जास्त राहिला की कापसासारखा कोरडा होतो आणि कोरडा घास मुलं तोंडातून परत काढतात. कुठल्याही कंपनीचा घ्या, तो थर्मामीटर सोबत घ्याच. अजून एक, ह्याला मोठ्या पिनचा पॉइंट लागतो, जुन्या सिडकोच्या घरांमध्ये किचनला असा पॉइंट एखादाच असतो, आधी बघून ठेवा, साध्या एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात लावू नका. आणि आणल्या आणल्या पहिल्यांदा रिकामाच पंधरा-वीस मिनिटं चालवा खिडकी उघडी ठेवून, रॉडवरचं कोटिंग जळून थोडा धूर येतो, घाबरायचं कारण नाही.

आता खरी गोष्ट. मुलं मासे का खात नाहीत हे नीट बघितलं तर बहुतेक वेळा चवीचा प्रश्नच नसतो. आमच्या मोठीला वास नको असतो आणि धाकट्याला एकदा घशात काटा टोचला तेव्हापासून तो प्रत्येक घास बोटांनी कुस्करून बघायचा, तोवर भात गार. काटा काही ओटीजी काढून देत नाही, ते काम बाजारातच उरकायचं.

मी बेलापूरला दिवाळे गावातून मासे घेतो, सकाळी लवकर गेलं की चांगला माल मिळतो. मुलांसाठी रावस. महाग आहे, मान्य, पण घट्ट मांस, मोठाल्या पाकळ्या सुटतात आणि बारीक काटे जवळपास नाहीतच. डोळे चकचकीत, कल्ले लाल आणि बोटाने दाबलं की खड्डा न राहणारा असा बघून घ्यायचा. पोटाकडच्या भागात बरगडीचे काटे असतात, शेपटीकडे फक्त मधला जाड काटा, हे मला तिथल्या मावशींनीच दाखवलं. "दादा, पोरांना ना? मग ह्यो मागचा भाग घ्या," म्हणत त्यांनी कोयत्यावर मासा उभा धरला, काट्याच्या दोन्ही बाजूंनी सरसर मांस सोडवलं आणि सालही काढून दिली. डोकं आणि मधला काटा वेगळा बांधून मागायचा, टाकून द्यायचा नाही, त्याचं आंबट कालवण आमच्या आईला त्या बोनलेस तुकड्यांपेक्षा जास्त प्रिय आहे. घरी आल्यावर तुकड्यांवरून एकदा बोट उलटसुलट फिरवा, राहिलेला काटा हाताला लागतोच, चिमट्याने ओढून काढा. मी हे धाकट्याच्या समोरच करतो, मग तो ताटात शोधत बसत नाही.

वासाचं म्हणाल तर ताजा मासा असेल तर अर्धा प्रश्न तिथेच संपतो, बाकीचा लिंबाने. अर्ध्या किलोला मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर लसूण पेस्ट, दहा-पंधरा मिनिटं बास. लिंबात जास्त वेळ ठेवला तर मांस पांढरं पडून चरबरीत होतं. आणि तव्यावर तळताना तेलाचा जो धूर घरभर, पडद्यापर्यंत जातो तो इथे होत नाही, मोठीची तक्रार मुळात त्या धुराचीच होती असं मला आता वाटतं.

तुकडे बोटाएवढे लांब आणि जाडीला साधारण इंचभर, सगळे सारखे, नाहीतर बारके आधी सुकतात. टिश्यूने पूर्ण कोरडे करा, हे टाळू नका, ओल्या तुकड्यावर चुरा चिकटतो आणि मग त्याचा लगदा होतो. वरून घट्ट दही किंवा मेयोनीजचा पातळ हात. चुऱ्यासाठी आदल्या दिवशीचे ब्रेडचे चार-पाच स्लाइस मिक्सरला फिरवा आणि दोन चमचे बटरवर कढईत आधीच सोनेरी भाजून घ्या. मासा जेमतेम बारा-चौदा मिनिटांत शिजतो, तेवढ्यात कच्चा चुरा लाल होतच नाही, आणि तो लाल होईपर्यंत थांबलं तर मासा गेला. भाजलेला चुरा घातला की दोन्ही एकदम तयार. त्यात थोडं मीठ, किंचित मिरपूड, चालत असेल तर किसलेलं चीज. मालवणी मसाला मोठ्यांच्या चार तुकड्यांवर वेगळा, ट्रेच्या एका कडेला.

चुरा दाबायचं काम मुलांना द्या. आमचा धाकटा प्रत्येक तुकडा तळहातात धरून थापतो, कडासुद्धा सोडत नाही, आणि स्वतः थापलेला तुकडा कुठल्या ओळीत ठेवलाय हे त्याला शेवटपर्यंत लक्षात असतं. तोच तुकडा तो पहिला खातो.

ट्रेत बटर पेपर, त्यावर जाळी, जाळीवर तुकडे, म्हणजे खालची बाजू सादळत नाही. आधी दहा मिनिटं गरम केलेला ओटीजी, २०० डिग्री, दोन्ही रॉड आणि पंखा चालू, मधली फळी. बाराव्या मिनिटाला एका तुकड्यात काटा-चमचा घालून बघा, मांस आतून पांढरं दिसलं आणि पाकळ्या सहज सुटल्या की लगेच बाहेर. "अजून दोन मिनिटं राहू दे" अजिबात नको. वाढायला वरण-भात आणि बाजूला हे, बस. रविवारी लादीपावात कांदा-काकडी घालून देतो तेव्हा मोठी दोन पाव खाते.

जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते, तेव्हा ताजा रावस मिळणं कठीण आणि मिळाला तरी भाव परवडत नाही. तेव्हा मी फ्रोजन बासा माशाचे बोनलेस तुकडे आणतो. चव रावसाची नाही, पण काटा अजिबात नसतो. फक्त पाणी फार सोडतो, म्हणून रात्रभर फ्रिजमध्येच खाली ठेवून वितळवा, मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा आणि मग दाबून टिपा, नाहीतर ट्रेत तळं होतं. बांगडा आणि बोंबील मात्र मी ह्यात करत नाही, त्यांना तवाच हवा, आणि मुलांसाठी बांगड्यात काटेही फार.

विजेचं लोक खूप विचारतात. प्रीहीट धरून सगळं मिळून पंचवीस मिनिटांच्या आत, म्हणजे अर्ध्या युनिटच्या आसपास, बिलात कळणारही नाही. धुणं सोपं आहे, बटर पेपर उचलून टाकायचा, जाळी गरम पाण्यात, आणि आतला वास जायला वाटीभर पाण्यात पिळलेल्या लिंबाची सालं घालून दहा मिनिटं ओटीजी चालू ठेवायचा. काचेचं दार मात्र प्रचंड तापतं, लहान मूल असेल तर ओटीजी ओट्यावर मागे सरकवून, पण भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवा, आणि हात पोचेल अशा उंचीवर तर नकोच.

घेणार असाल तर २० लिटरच्या खाली जाऊ नका. केकला १६ पुरतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतात, पण केळीच्या पानात हिरवी चटणी लावून अख्खं पापलेट करायचं म्हटलं तर त्यात जागेची अडचण होते.