आयरिश पूर्वज शोधताय? १८९१ची जनगणना विकणाऱ्यांपासून सावध

माझं सासर मेलबर्नचं. सासऱ्यांची आजी १८७८ साली आयर्लंडमधल्या क्लेअरला जन्मली आणि विशीत जहाजाने इकडे आली, एवढंच घरात ठाऊक. सासऱ्यांना ऑनलाइन एक ‘वंशावळ संशोधक’ भेटला. आधी शोधाची फी, मग दाखल्याची, मग शिक्क्याच्या प्रतीची, असं करत त्याने नऊशे युरो उकळले. बदल्यात पाठवली १८९१च्या जनगणनेतली ‘मूळ नोंद’: तेरा वर्षांची आजी, आईबाप, भावंडं. सासरे ती फ्रेम करायला निघाले होते.

मला एक रकाना खटकला. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, त्यातली हयात किती. आयरिश जनगणनेत हा प्रश्न आला तोच १९११ साली! पठ्ठ्याने आजीच्या आईवडिलांचा १९११चा फॉर्म घेतला, वर्ष बदललं, वयं घटवली, आजीला त्यात घुसवलं आणि रकाना तसाच ठेवला. मुळात १८८१ आणि १८९१चे फॉर्म पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यात गेले. १८६१ आणि १८७१चे त्याआधीच सरकारने नष्ट केलेले. त्यापूर्वीचे बहुतेक १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये, म्हणजे जुनी दप्तरं ठेवलेल्या न्यायालयाच्या आवारात, जळाले. त्या काळातले १९०१ आणि १९११चे तेवढे शाबूत, आणि तेही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट. म्हणजे १९०१च्या आधी देश सोडलेल्यांचं नाव जनगणनेत सहसा मिळतच नाही. या भामट्यांचं गिऱ्हाईक म्हणजे नेमके त्यांचेच वंशज.

आजीच्या वडिलांचं वय १९०१च्या जनगणनेत ५५, १९११च्या जनगणनेत ७१. ‘कुटुंब वेगळं असू शकतं, तपासावं लागेल,’ म्हणून भामट्याने आणखी दीडशे युरो मागितले. तपासायचं काय डोंबल! १९०९पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली आणि आयर्लंडभर म्हातारी माणसं कागदावर भराभर वयाने वाढली.

आजीची जन्मनोंदही सरकारी साइटवर मिळाली, रजिस्टरच्या पानाच्या फोटोसकट. १८६४पासूनच्या नोंदी तिथे आहेत, एक पैसा लागत नाही. बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या आधीची दिसली तरी गडबडू नका. उशिरा नोंदवल्याचा दंड चुकवायला लोक जन्मतारीख पुढे ढकलत.

भामट्याचं दुसरं आमिष होतं आयरिश पासपोर्टचं, सासऱ्यांना आणि माझ्या नवऱ्यालाही. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर नागरिकत्वासाठी नाव नोंदवता येतं, म्हणजे सासऱ्यांना येतं. नवऱ्याची ती पणजी. त्याच्या जन्माआधी सासऱ्यांनी नोंदणी केली असती तरच त्याला हक्क मिळाला असता. पैसे थेट खात्यावर पाठवलेले, त्यामुळे बँकेने हात वर केले. जाब विचारला तर भामट्याचा उलट मेल: १८८१ची प्रतही आहे, सवलतीत देतो.